सेरेसवरचा पांढरा डाग

१९ फेब्रुवारी २०१५ रोजी ‘डॉन’ या अवकाशयानाने सुमारे ४६ हजार किलोमीटर अंतरावरून सेरेस या बटुग्रहाचा फोटो काढला. करड्या, खाचखळग्यांनी भरलेल्या गोळ्यावर एका विवरात दोन पांढरे ठिपके शेजारीशेजारी चमकत होते. काळोख्या माळावर दूरच्या वस्तीत दोन दिवे लागलेले दिसावेत, तसे. फोटो जगभर फिरला आणि तर्कांना ऊत आला. कोणाला ते बर्फ वाटले, कोणाला ज्वालामुखी, तर कोणाला थेट परग्रहवासीयांचे शहर.

‘नासा’च्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने लोकांनाच विचारले, तुम्हाला काय वाटते? ज्वालामुखी, पाण्याचा फवारा, खडक, बर्फ, मिठाचा थर, की आणखी काही? मिठापेक्षा बर्फाला आणि ‘आणखी काही’ला जास्त मते पडली. उत्तर मात्र मिठाच्या बाजूने लागले, आणि तेही एका दमात नाही. पहिले उत्तर पुढे बदलावे लागले, दुसऱ्यात भर घालावी लागली. एका पांढऱ्या डागाची ओळख पटवायला पाच वर्षे का लागली, याची ही गोष्ट आहे.

दोनशे वर्षे नुसता ठिपका

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. सेरेस हा त्यातला सर्वांत मोठा गोल. १ जानेवारी १८०१ रोजी सिसिली बेटावरील पालेर्मो येथे जुझेप्पे पियात्सी यांना तो प्रथम दिसला. त्यांनी ११ फेब्रुवारीपर्यंत त्याचा माग ठेवला, मग आजारपणामुळे निरीक्षण थांबले आणि सेरेस सूर्याच्या झगमगाटाआड गेला. चोविशीतल्या कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी हाती असलेल्या थोड्याशा नोंदींवरून त्याची कक्षा गणिताने काढून दिली. त्या आधारे वर्षअखेरीस तो पुन्हा सापडला. रोमन लोकांच्या धान्यदेवतेवरून त्याला सेरेस हे नाव मिळाले.

तो आधी ग्रह ठरला, मग लघुग्रह, आणि २००६ मध्ये प्लूटोबरोबर बटुग्रहांच्या पंगतीत बसला. व्यास सुमारे ९४० किलोमीटर, म्हणजे आपल्या चंद्राच्या एक तृतीयांशाहूनही कमी. त्याचा सगळा पृष्ठभाग सपाट अंथरला, तरी भारताच्या क्षेत्रफळापेक्षा कमीच भरेल. एवढ्या लहान गोलाचे पृथ्वीवरून फारसे काही दिसत नाही. हबल दुर्बिणीने २००३-०४ मध्ये काढलेल्या फोटोंत एक उजळ ठिपका होता, पण तो धूसर. २०१४ मध्ये हर्शेल या अवकाश दुर्बिणीला सेरेसभोवती पाण्याच्या वाफेची चाहूल लागली. वाफेचे प्रमाण सेकंदाला सुमारे ६ किलो. लक्षणे दिसत होती, पण रोग्याजवळ जाऊन तपासल्याशिवाय पुढे काही सांगता येत नव्हते.

कागदाच्या वजनाएवढा जोर

ते काम ‘डॉन’ने केले. सप्टेंबर २००७ मध्ये निघालेल्या या यानाचे इंजिन झेनॉन वायूचे विद्युतभारित कण मागे फेकून पुढे सरकत असे. त्याचा जोर किती? तळहातावर कागदाचा एक ताव ठेवला, तर त्याचा जेवढा भार जाणवेल तेवढा. पण हा जोर वर्षानुवर्षे लावता येत होता आणि त्याला इंधनही अगदी थोडे लागे. त्यामुळे ‘डॉन’ला २०११-१२ मध्ये वेस्टा या मोठ्या लघुग्रहाभोवती वर्षभर राहून तिथून बाहेर पडता आले. ६ मार्च २०१५ रोजी ते सेरेसच्या कक्षेत शिरले. दोन परक्या गोलांभोवती आळीपाळीने फिरलेले आणि बटुग्रहाच्या कक्षेत गेलेले ते पहिले यान.

मग ते टप्प्याटप्प्याने खाली उतरत गेले. आधी ४,४०० किलोमीटर, पुढे १,४७० आणि वर्षअखेरीस ३८५ किलोमीटर. त्या उंचीवरून फोटोतला एक बिंदू म्हणजे जमिनीवरचे सुमारे ३५ मीटर. लांबून दोन दिसणारे ठिपके जवळून पाहता अनेक निघाले. ते ज्या विवरात होते, त्याला ऑकेटर हे नाव मिळाले. रुंदी ९२ किलोमीटर, म्हणजे मुंबई ते लोणावळा या रस्त्याच्या अंतराहून थोडी जास्त. खोली सुमारे ४ किलोमीटर. त्यात कळसूबाईवर कळसूबाई रचली, तरी वरची काठापर्यंत पोहोचणार नाही.

विवरांच्या नावांचीही एक गंमत आहे. सेरेस धान्याची देवी, म्हणून तिथल्या विवरांना जगभरच्या शेती-वनस्पतींच्या देवतांची नावे दिली गेली. ऑकेटर हा ढेकळे फोडून जमीन सारखी करणारा रोमन देव. हवाईची हौलानी, इजिप्तची एर्नुटेट तिथे आहेत. सुमारे १७० किलोमीटर रुंदीच्या एका विवराचे नाव उर्वरा आहे. सुपीक जमिनीसाठी आपण आजही तोच शब्द वापरतो.

फोटो वाचायचा कसा?

विवराचा फोटो डोळ्यांना सहज फसवतो. प्रकाश वरून येतो, अशी आपल्या मेंदूची सवय आहे. उजेड खालच्या बाजूने आला असेल, तर खड्डा चक्क टेकडीसारखा दिसतो. फोटो उलटा धरला की टेकडीचा पुन्हा खड्डा होतो. म्हणून शास्त्रज्ञ आधी सूर्य कुठल्या बाजूला होता हे पाहतात, सावलीच्या लांबीवरून खोली काढतात आणि एकाच जागेचे वेगवेगळ्या कोनांतले फोटो जुळवून उंचसखल भागाचा नकाशा बनवतात.

दुसरी फसवणूक चमकेची. सेरेसचा पृष्ठभाग कोळशासारखा काळपट आहे, त्यावर पडलेल्या उजेडाचा जेमतेम दहावा भाग परत फिरतो. अशा अंधाऱ्या जमिनीसाठी कॅमेऱ्याचे झाकण जास्त वेळ उघडे ठेवावे लागते, आणि मग मधला उजळ भाग भगभगीत पांढरा येतो. एक्स-रे काढताना किरणांचे प्रमाण चुकले की बारकावे पुसले जातात, तसेच हे. पुढे जमिनीसाठी एक आणि डागांसाठी एक, असे दोन वेगळे फोटो घेऊन ते एकत्र केले गेले. तेव्हा कुठे डागांमधल्या भेगा आणि कडा दिसू लागल्या.

तिसरी गोष्ट वयाची. अवकाशातून दगड आदळतच असतात, त्यामुळे जमीन जितकी जुनी तितकी विवरे जास्त. रस्त्यावरचे खड्डे मोजून तो शेवटचा कधी डांबरला होता, हे सांगण्यासारखाच हा हिशेब. त्यानुसार ऑकेटर सुमारे दोन कोटी वर्षांपूर्वीचे ठरते. सूर्यमालेच्या साडेचार अब्ज वर्षांच्या आयुष्यात हे अगदी कालपरवाचे. पण पांढऱ्या डागांवर विवरे फारच थोडी आणि लहान सापडली. म्हणजे हे डाग विवरापेक्षाही बरेच तरुण आहेत. सगळे कोडे इथून सुरू झाले.

पहिले निदान आणि दुसरे

डिसेंबर २०१५ मध्ये कॅमेऱ्याचे काम पाहणाऱ्या गटाने ‘नेचर’ या नियतकालिकात आपले मत मांडले. कॅमेऱ्याला सात रंगीत गाळण्या होत्या. कुठल्या रंगाचा किती उजेड परत येतो, हे पाहून त्यांनी तर्क केला की हा पाणीयुक्त मॅग्नेशियम सल्फेटचा थर असावा. हे नाव रुग्णालयांत परिचयाचे आहे. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येतात, तेव्हा द्यायचे इंजेक्शन याच क्षाराचे असते.

सहा महिन्यांनी, जून २०१६ मध्ये, दुसरे उत्तर आले. यानावर इटलीत बनवलेला वर्णपटमापक होता. डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतही तो पाहू शकत असे. प्रत्येक खनिज या किरणांपैकी ठरावीक किरण शोषून घेते आणि परत येणाऱ्या उजेडात तेवढी खूण सोडते. रोममधील मारिया क्रिस्तिना दे सांक्तिस यांच्या गटाने ऑकेटरमधली ती खूण वाचली. ती मॅग्नेशियम सल्फेटची नव्हती, सोडियम कार्बोनेटची होती. म्हणजे आपला धुण्याचा सोडा. पृथ्वीबाहेर कार्बोनेट क्षारांचा इतका दाट साठा त्याआधी कुठेही दिसला नव्हता.

पहिल्या गटाने निष्काळजीपणा केला, असे याचा अर्थ नाही. त्यांच्या हाती जे साधन होते, त्यात दोन्ही क्षार पांढरेच दिसतात. दुसरे साधन आल्यावर फरक कळला. दवाखान्यात हे रोज घडते. छातीच्या एक्स-रेवर पांढरा डाग दिसला, तर तो क्षयाचा असेल, न्यूमोनियाचा असेल, बऱ्या झालेल्या जुन्या आजाराचा व्रण असेल किंवा गाठही असेल. एक्स-रे शंका दाखवतो. क्षयाचे जंतू आहेत की नाहीत, हे थुंकीची तपासणी सांगते. डाग पाहून घाबरून जाणारा रुग्ण आणि डाग पाहून लगेच रोगाचे नाव सांगणारा शेजारी, दोघेही एक पायरी गाळत असतात.

लोणारची साक्ष

रूपावरून कारण ओळखता येत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. बुलढाणा जिल्ह्यातले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे. दख्खनच्या काळ्या बसाल्ट खडकात ते आहे आणि हा खडक मुळात ज्वालामुखीचा. त्यामुळे हा खड्डाही ज्वालामुखीचाच असणार, असे अनेक वर्षे अनेकांना वाटत होते. १९७३ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने ते विवर आघाताचे असल्याचे दाखवले. तिथल्या खडकांत प्रचंड धक्क्यानेच तयार होणारी काच सापडली होती. नुसता गोल आकार पाहून जो वाद मिटला नव्हता, तो नमुना तपासून मिटला.

लोणारचे पाणी खारे आणि सोड्याचे आहे, तिथला सोडा पूर्वी काढूनही नेत असत. विवर आघाताचे आणि त्यात सोडियम कार्बोनेट, हे साम्य पाहून लोणार म्हणजे सेरेसची छोटी प्रतिकृती असे म्हणावेसे वाटेल. पण घाई नको. लोणारला पाणी आत येते आणि बाहेर जायला वाट नाही. उन्हाने वाफ होत जाते आणि खार मागे राहतो, मिठागरासारखा. सेरेसवर ना पाऊस, ना ओढे, ना हवा. तिथे भर दुपारीही तापमान गोठणबिंदूच्या खूप खाली असते. खार सारखाच, पण तो साचण्याचे कारण वेगळे असले पाहिजे. मग सेरेसवर पाणी आले कुठून?

जमिनीखालचे खारे पाणी

दोन कोटी वर्षांपूर्वी मोठा दगड आदळून ऑकेटर झाले, तेव्हा उष्णतेने जमिनीतला बर्फ वितळला असणार. पण एवढ्या थंडीत ते पाणी कायमचे द्रव राहणार नाही. आणि डाग तर २० लाख वर्षांपेक्षाही तरुण निघाले. म्हणजे पाणी खालून, नंतरही येत राहिले होते.

२०१८ च्या जूनमध्ये ‘डॉन’ अखेरच्या कक्षेत गेले आणि ऑकेटरवरून जाताना जमिनीपासून अवघ्या ३५ किलोमीटरपर्यंत उतरू लागले. विमाने उडतात त्याच्या तिप्पट उंचीवरून बटुग्रहाचे फोटो! काही मीटरचे तपशील दिसू लागले. शिवाय सेरेसच्या ओढीने यानाचा वेग किंचित कमीजास्त होई, तो रेडिओ संदेशांवरून मोजून जमिनीखाली कुठे जड आणि कुठे हलके आहे, याचाही अंदाज घेता आला. ऑगस्ट २०२० मध्ये या साऱ्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ऑकेटरखाली सुमारे ४० किलोमीटर खोलवर, शेकडो किलोमीटर पसरलेला खाऱ्या पाण्याचा साठा असावा. आघाताने पडलेल्या भेगांतून ते पाणी वर येते. वर हवेचा दाब नसल्याने ते उकळत-गोठत उडून जाते आणि खार तेवढा मागे राहतो.

पाणी गोठत कसे नाही? हाताने फिरवायच्या आइस्क्रीमच्या पॉटात बर्फावर मीठ टाकलेले अनेकांनी पाहिले असेल. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, शून्याखालीही पाणी द्रव राहते. सेरेसच्या पोटात तेच होते आहे.

याच टप्प्यात डागाच्या मध्यभागी आणखी एक क्षार सापडला. साधे मीठ, सोडियम क्लोराइड, पण पाण्याचे रेणू अजून धरून असलेले. हवा नसलेल्या जागी हे पाणी फार काळ टिकत नाही, उडून जाते. तरीही ते तिथे आहे, म्हणजे खारे पाणी भूशास्त्राच्या मोजमापाने अगदी अलीकडे, कदाचित आजही, वर येत आहे. पांढरा डाग हा जुना व्रण नव्हता. ती अजून पाझरणारी जखम होती.

पुसलेली विवरे

दुसरा पुरावा तर न दिसणाऱ्या विवरांचा आहे. लघुग्रहांच्या गर्दीत साडेचार अब्ज वर्षे काढलेल्या सेरेसवर शंभर किलोमीटरपेक्षा रुंद अशी किमान ४० विवरे असायला हवी होती, असा हिशेब. सिमोन मार्की आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मोजदाद प्रसिद्ध केली, ती भरली अवघी १६. चारशे किलोमीटरपेक्षा रुंद अशी दहा-पंधरा अपेक्षित होती, पण सर्वांत मोठे ठळक विवर, केरवान, सुमारे २८० किलोमीटरचे निघाले. वारा-पाऊस नसताना मोठ्या विवरांच्या खुणा कोणी पुसल्या? एक शक्यता अशी की बर्फ, क्षार आणि खडक यांचे मिश्रण असलेली जमीन कोट्यवधी वर्षांत हळूहळू वाहते आणि मोठे खड्डे आपोआप उथळ होत जातात. खालून आलेल्या पाण्या-चिखलाने काही भरून निघाले असतील, ही दुसरी. दोन्हींत सूत्र एकच, आतला ओलावा.

उघड्यावरचा बर्फ सेरेसच्या उन्हाच्या भागात टिकत नाही. कापराच्या वडीसारखा तो न वितळता थेट उडून जातो. पण ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी सूर्यकिरण कधीच पोहोचत नाहीत. काठावरून परतलेल्या अंधूक उजेडात ‘डॉन’ने तिथेही डोकावून पाहिले आणि सहाशेहून जास्त अंधाऱ्या विवरांपैकी दहांमध्ये उजळ थर टिपले. त्यातल्या एकात तो बर्फच असल्याचे वर्णपटाने सिद्ध झाले. इतर नऊ ठिकाणीही बर्फच असेल, असे मानायला जागा आहे. तरी सिद्ध झाले ते एकाच ठिकाणी, आणि अहवालातही तसेच लिहिले गेले.

हात न लावण्याची शिस्त

३१ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘डॉन’चा ठरलेला संदेश आला नाही, दुसऱ्या दिवशीही आला नाही. यानाची दिशा सांभाळणारे इंधन संपले होते. अँटेना पृथ्वीकडे वळवता येईना, तेव्हा १ नोव्हेंबरला मोहीम संपल्याचे जाहीर झाले.

काही यानांचा शेवट त्यांना त्या गोलावर आदळवून करतात. ‘डॉन’च्या बाबतीत ते मुद्दाम टाळले. सेरेसवर पाणी आहे, क्षार आहेत, आणि २०१७ मध्ये एर्नुटेट विवराजवळ कार्बनी संयुगेही आढळली. याचा अर्थ तिथे जीव आहे असा नाही. पण जीवाच्या उगमासाठी काय काय लागते, हे शोधायला ती जागा मोलाची आहे. तिथे पृथ्वीवरचे जंतू चुकून पोहोचले, तर पुढे सापडलेले सूक्ष्मजीव तिथले की आपल्याबरोबर गेलेले, हे कळणार कसे? म्हणून यान किमान २० वर्षे, आणि बहुधा ५० वर्षांहून अधिक काळ, सेरेसवर पडणार नाही अशी त्याची कक्षा ठेवली गेली. हात न धुता जखमेला बोट लावायचे नाही, हा शस्त्रक्रियागृहातला नियम. त्यात रुग्णाची काळजी असते, तशीच तपासणीच्या खरेपणाचीही असते.

सेरेसवर आजवर एकही यान उतरलेले नाही, तिथली चिमूटभर मातीही कोणाच्या हाती आलेली नाही. जे काही कळले, ते दुरून काढलेल्या फोटोंतून, परतलेल्या उजेडातून आणि यानाच्या वेगातल्या सूक्ष्म फरकांतून. उद्या एखादे यान ऑकेटरमध्ये उतरून तो पांढरा खार उचलून आणेल, तेव्हा आजच्या निदानात आणखी दुरुस्ती होऊ शकेल. तोवर मुका ‘डॉन’ फिरतो आहे, आणि त्याच्या खाली एका मोठ्या विवराच्या मध्यभागी तो पांढरा डाग चमकतो आहे.